पीएमईजीपीचं अनुदान कर्जातून वळतं होईपर्यंत: कुंभारीच्या शिलाई युनिटच्या खर्चनोंदी

१२ एप्रिल २०२२

कर्जाचा पहिला हप्ता सुटला, म्हणून आजपासून नोंदी ठेवायला घेते. नंतर जे घडेल ते त्या त्या नोंदीखालीच जोडत जाईन. प्रधानमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम, म्हणजे पीएमईजीपी, ही नवा उद्योग काढायला बँकेच्या कर्जावर अनुदान देणारी सरकारी योजना २००८ पासून चालू आहे. पण अनुदान मंजूर झाल्यापासून ते खरंच कर्जातून वळतं होईपर्यंत काय काय करावं लागतं, हे मला कुणी नीट सांगितलं नाही. माझ्यामागून येणाऱ्या बायकांना तरी इथे वाचायला मिळावं.

युनिट सोलापूरजवळच्या कुंभारीत, अक्कलकोट रोडला. शाळेचे शर्ट आणि पॅन्ट शिवायचं काम. शिवणाऱ्या बहुतेक जणी विडी घरकुलातल्या, म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीतल्या आहेत. पत्ता ग्रामपंचायत हद्दीत असल्याने ग्रामीण भाग आणि अर्जदार महिला, म्हणून अनुदान ३५ टक्के आणि स्वतःचा वाटा ५ टक्के. हेच शहरात, सर्वसाधारण गटात असतं तर अनुदान १५ टक्के आणि वाटा १० टक्के. फरक एवढा मोठा असल्यामुळे ग्रामपंचायतीचा ग्रामीण भागाचा दाखला सगळ्यात आधी काढा.

आकडे असे. प्रकल्प १२ लाखांचा. त्यात मशिनरी ६,१०,०००, शेडमधली कामं १,४०,००० आणि खेळतं भांडवल ४,५०,०००. माझा वाटा ६०,०००, बँकेचं कर्ज ११,४०,०००. कर्जाचे दोन भाग: मुदत कर्ज ७,१२,५०० आणि सीसी (कॅश क्रेडिट, म्हणजे मर्यादेपर्यंत लागेल तसे पैसे उचलायचे आणि परत भरायचे असं खातं) ४,२७,५००. अनुदान ४,२०,०००.

हे ४ लाख २० हजार माझ्या हातात येत नाहीत. ते बँकेकडे माझ्या नावाने मुदत ठेवीत पडून राहणार. तीन वर्षांनी युनिट जागेवर चालू आहे का, मशीन आहेत का, कर्ज ज्या कामाला दिलं त्याच कामाला लागलं का, हे तपासणार आणि मग ती रक्कम कर्जातून वळती होणार. थोडक्यात, तीन वर्षं प्रत्येक रुपयाचा माग दाखवता आला पाहिजे.

२१ एप्रिल २०२२

मशीनचे पैसे बँकेने थेट डीलरला पाठवले. हे चांगलंच, मधे कुठे हात लागत नाही. अडचण वेगळीच निघाली. कोटेशन ६,१०,००० चं होतं. ह्यांनी डीलरशी घासाघीस करून १८,००० कमी करून घेतले आणि बिल ५,९२,००० चं आलं. घरात सगळे खूश. बँकेतल्या साहेबांनी सांगितलं, अनुदान प्रत्यक्ष झालेल्या खर्चावर बसतं, कागदावरच्या प्रकल्पावर नाही. म्हणजे १८,००० कमी खर्च झाले की अनुदानातले ६,३०० गेले.

एक जादा ओव्हरलॉक मशीन हवंच होतं. त्याचं सुधारित कोटेशन आणून, बँकेकडून लेखी होकार घेऊन, त्याच रकमेत ते बसवलं. एकूण पुन्हा ६,१०,०००. आधी पत्र, मग बिल, असाच क्रम ठेवा. उलटं केलं की बँक म्हणते, हे मशीन प्रकल्प अहवालात नव्हतं.

८ मे २०२२

वही सुरू केली. दुकानाची नेहमीची रोजकीर्द वेगळी, ही वेगळी. दर ओळीत तारीख, कुणाला दिले, प्रकल्प अहवालातलं कुठलं कलम, कुठल्या खात्यातून गेले, बिल नंबर आणि बिलाची झेरॉक्स फाइलमध्ये कितव्या पानावर. शेवटचा रकाना सगळ्यात कामाचा. तीन वर्षांनी कुणी विचारलं "हा कटिंग टेबल कधीचा?" तर पान काढून समोर ठेवता येतं.

शेडच्या वायरिंगचे २७,००० मात्र बाहेरच राहिले. वायरमन ओळखीचा, रोख घेतले आणि कोऱ्या कागदावर सही करून दिली. जीएसटी नाही, परवाना नंबर नाही, पैसे बँकेतून गेलेले नाहीत. बँकेने ते धरले नाहीत. ते पैसे आमच्या खिशातून गेले असं समजून सोडून दिले आणि शेडच्या कलमात उरलेल्या रकमेतून कटिंग टेबल आणि लोखंडी रॅक पक्क्या बिलावर घेतले. शिवाय सीएंनी सांगितलं की एका दिवसात एकाच माणसाला १०,००० पेक्षा जास्त रोख दिले तर तो खर्च इन्कम टॅक्सलाही चालत नाही. म्हणून आता एकच नियम: सुई-दोरा सोडून काहीही घ्यायचं तर ऑनलाइन किंवा चेक.

१९ ऑगस्ट २०२२

अनुदान बँकेत आलं. ४,२०,००० ची ठेव पावती झाली, तिची झेरॉक्स मागून घेतली. ही झेरॉक्स प्रत्येकीने मागून घ्यावी. बँकेत माणसं बदलतात, आणि तीन वर्षांनी नवीन आलेल्या साहेबांना ही ठेव कुठे आहे हे शोधावं लागतं.

३ ऑक्टोबर २०२२

कर्जखात्याचं स्टेटमेंट वहीशी ताडून पाहिलं. ठेवीवर बँक व्याज देत नाही, त्याच्या बदल्यात तेवढ्या कर्जावर व्याज घेतही नाही, असा नियम आहे. आमच्या खात्यावर सप्टेंबरचं व्याज पूर्ण रकमेवर लागलेलं. आमचा दर १०.५ टक्के, म्हणजे ४.२० लाखांवर महिन्याला ३,६७५ रुपये. वर्षाचे ४४,१००.

तोंडी सांगून काही झालं नाही. ठेव पावतीचा नंबर, तारीख आणि व्याजाचा तक्ता जोडून लेखी पत्र दिलं, पोच घेतली. दोन आठवड्यांनी व्याज उलट जमा झालं आणि पुढच्या महिन्यापासून नीट लागायला लागलं. तरी दर महिन्याला मी व्याजाची ओळ तपासते, आणि ज्यांची ठेव झाली आहे त्यांनी आजच आपलं स्टेटमेंट काढून पाहावं. खूप जणींना हे माहीतच नसतं.

डिसेंबर २०२२

उद्यम नोंदणीत (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) पत्ता कुंभारीचा घातला, घरचा नाही. दरवाजावर बोर्ड लावला: युनिटचं नाव, पीएमईजीपी योजना, ती चालवणारा खादी ग्रामोद्योग आयोग, बँकेचं नाव, जिल्हा. बोर्ड असणं नियमात आहे. पेंटरने १,८०० घेतले.

१४ जानेवारी २०२३

उद्या संक्रांत. सिद्धेश्वराची गड्ड्याची जत्रा चालू आहे, अर्ध्या बायका सुट्टीवर. मजुरीचा हिशेब संक्रांतीच्या आधीच चुकता करायचा म्हणून काल सगळ्यांना पैसे दिले आणि तिथेच एक गोष्ट अडली.

मजुरी नगावर आहे, दर शनिवारी. मी सीसी खात्यातून यूपीआयने देते. पण बऱ्याच जणींचं यूपीआय नवऱ्याच्या किंवा मुलाच्या मोबाइलवर. स्टेटमेंटमध्ये नाव येतं भलत्याच पुरुषाचं. उद्या तपासणीत कोण म्हणणार की ही शिवणाऱ्या बाईची मजुरी आहे?

त्यावर उपाय असा केला. प्रत्येकीचं एक कार्ड. कटिंगचा गठ्ठा हातात देताना त्यावर बंडल नंबर आणि नग लिहायचे, परत आल्यावर टिक. शनिवारी कार्डावर नग गुणिले दर, रक्कम, तिची सही किंवा अंगठा, आणि शेजारी यूपीआयचा व्यवहार क्रमांक. ज्या बाईचे पैसे मुलाच्या खात्यात जातात तिच्याकडून एकदाच लिहून घेतलं की माझे पैसे अमुक खात्यात द्या. एक जण म्हणाली, "अक्का, विड्या वळताना एवढी लिखापढी नव्हती बघा." तिला सांगितलं, हे कार्ड तुझ्याकडेही राहील. मजुरी कमी पडली की ते समोर ठेवायचं. दोन महिन्यांत त्या स्वतःच कार्ड मागायला लागल्या, आणि त्यातून एका कटिंगमास्तरची नगांची मोजदाद कमी लागत होती तेही उघडं पडलं. कार्डाची छपाई शेकड्याला दोनशे रुपये.

११ मार्च २०२३

आजची नोंद सगळ्यांनी वाचावी, कारण इथेच सगळ्यात जास्त पैसे बुडतात.

वर्षअखेरचे कागद घेऊन सीएंकडे गेले होते. त्यांनी सीसी खात्याचं वर्षभराचं स्टेटमेंट पाहिलं आणि विचारलं, "मॅडम, यातून जास्तीत जास्त किती उचललेत?" पाहिलं तर २,३८,०००. त्यापेक्षा वर आकडा कधी गेलाच नव्हता. मला वाटलं कौतुक होईल. त्यांनी पीएमईजीपीचा नियम समोर ठेवला: खेळत्या भांडवलाची सीसी मर्यादा तीन वर्षांत निदान एकदा तरी १०० टक्के वापरली गेली पाहिजे आणि वापर ७५ टक्क्यांच्या खाली असता कामा नये. तसं झालं नाही तर त्या प्रमाणात अनुदान परत जातं.

आमच्या ४,२०,००० पैकी १,५७,५०० हे खेळत्या भांडवलावरचं अनुदान आहे. २,३८,००० वरच थांबलो असतो तर ढोबळ हिशेबाने सत्तर हजारांच्या आसपास परत गेले असते. तेही काटकसर केली म्हणून.

काटकसर कशी झाली तेही लिहिते, कारण आपल्याकडे घरोघरी असंच होतं. आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, यांनी विड्या वळून चार मुलं वाढवली. कर्ज हे शब्द घरात हळू आवाजात बोलले जायचे. नवी पेठेतल्या दुकानदाराचा चेक आला की त्या विचारायच्या, "भरलास का बँकेत?" मीही लगेच भरायची. दुसरीकडे भिलवाड्याचा सूटिंगवाला आणि बालोतऱ्याचा शर्टिंगवाला दोन-अडीच महिन्यांच्या उधारीवर कापड देत होते. मग सीसीला हात लावायची गरजच पडत नव्हती. धंदा नीट चालला होता. फक्त योजनेच्या कागदावर असं दिसत होतं की या बाईला एवढ्या खेळत्या भांडवलाची गरजच नव्हती.

आत्यांना बसवून समजावलं. सोपं गेलं नाही. "जास्त उचललं तर सूट मिळते" हे त्यांच्या आयुष्यात कुणी कधी सांगितलेलं नाही. त्यांना इतकंच पटवलं की पैसे चैनीला नाही, कापडाला जाणार आहेत आणि सीझन संपला की परत येणार आहेत.

५ एप्रिल २०२३

सीझन तोंडावर. शाळा जूनच्या मध्याला उघडतात, त्यामुळे मार्च ते मे हाच आमचा माल भरायचा काळ. मर्यादा वापरायची तर आत्ताच.

बँकेने अडवलं. सीसी मंजूर ४,२७,५०० असली तरी स्टॉक स्टेटमेंटवरून, म्हणजे बँकेला दिलेल्या साठ्याच्या तक्त्यावरून, जेवढी ड्रॉइंग पॉवर (उचलीची मुभा) निघते तेवढंच उचलता येतं. माझा साठा ५,१०,००० चा होता, पण त्यातलं १,४०,००० चं कापड उधारीचं. ते वजा गेलं. उरले ३,७०,०००. त्यावर ५ टक्के मार्जिन, म्हणजे माझा वाटा, गेलं आणि ड्रॉइंग पॉवर आली ३,५१,५००. उलटं गणित केलं: ४,२७,५०० उचलायचे तर स्वतःच्या पैशाचा साठा ४,५०,००० चा दिसला पाहिजे.

म्हणजे उधारी फेडणं हाच मार्ग. आधी वाटायचं उधारी म्हणजे फुकटचं भांडवल. बिल नीट पाहिलं तर रोखीला कापडवाला ३ टक्के सूट देत होता, जी आम्ही वर्षभर सोडत होतो. १,४०,००० वर ४,२०० रुपये. तेवढेच पैसे सीसीतून महिनाभर वापरले तर १०.५ टक्क्यांनी व्याज होतं सव्वाबाराशे. हे गणित आत्यांनाही लगेच पटलं.

१० मे २०२३

सूटिंगचा शेवटचा मोठा लॉट आला. बिल्टी (ट्रान्सपोर्टची पावती), ई-वे बिल, टॅक्स इनव्हॉइस तिन्ही तपासून घेतले. परराज्यातून ५०,००० च्या वरचा माल म्हणजे ई-वे बिल लागतंच, आणि खरंच माल आला याचा तो चांगला पुरावा होतो. उधारी आधीच फेडलेली, नवा माल रोखीचा, स्टॉक स्टेटमेंट त्याच आठवड्यात भरलेलं. दुपारी आरटीजीएस केलं आणि खात्यावर उचल दिसली बरोबर ४,२७,५००.

तारीख मुद्दाम महिन्याच्या मधली धरली. महिनाअखेरीला बँक व्याज नावे टाकते. खातं काठोकाठ भरलेलं असताना व्याज पडलं तर मर्यादा ओलांडल्याचं दिसतं आणि तो वेगळा डाग. मर्यादा गाठली त्या पानाची प्रिंट काढून बँकेचा शिक्का मारून घेतला. हे पान फाइलमध्ये पहिलं लावलं आहे. पुढे महिनाभर उचल ३,२०,६२५, म्हणजे ७५ टक्के, याच्या खाली जाऊ दिली नाही. व्याजाला साधारण साडेतीन हजार गेले असतील.

जुलैमध्ये दुकानदारांचे पैसे आले तसं खातं आपोआप खाली आलं.

जून २०२४

यंदा सीझन मार खाल्ला. सरकारी शाळांना एकसारखा गणवेश देण्याचं धोरण या वर्षीपासून लागू झालं. कापड वरून येणार, शिलाई बचत गटांमार्फत. झेडपी शाळांच्या व्यवस्थापन समित्यांकडून येणाऱ्या आमच्या ऑर्डरी बंद. खासगी शाळांवर भागवलं. सीसीची उचल अडीच लाखांच्या पुढे गेली नाही.

मागच्या वर्षी मर्यादा गाठली नसती तर आज हात चोळत बसावं लागलं असतं. "तिसऱ्या वर्षी बघू" असं कुणी म्हणत असेल तर म्हणू नका. पहिल्या चांगल्या सीझनलाच हे उरकून घ्या. डिसेंबरमध्ये सरकारने गणवेशाचे अधिकार पुन्हा शाळा समित्यांकडे दिले, पण गेलेला सीझन गेला.

१५ फेब्रुवारी २०२५

तपासणीला सहा महिने आहेत, म्हणून घरीच सगळं एकदा तपासून पाहिलं. बिलावरचा सीरियल नंबर आणि मशीनवरचा नंबर एकेक करून जुळवायचा. मशीनच्या मानेच्या मागच्या बाजूला छोटी पत्र्याची पट्टी असते. तीन वर्षांचं तेल आणि कापडाचा भुगा बसून ती काळी पडलेली. रॉकेलच्या चिंधीने पुसली की आकडे वर येतात, आणि मोबाइलची बॅटरी तिरकी धरली की वाचता येतात. फोटो तसाच काढून ठेवला, बिलाचं पान शेजारी धरून.

सगळे जुळले, काज मशीनचा नाही. आठवलं की वॉरंटीत मोटर आणि डोकं दोन्ही गेल्यावर डीलरने ते मशीन बदलून दिलं होतं. बिल जुन्या नंबराचं, मशीन नव्या नंबराचं. तपासणीत यावर सरळ प्रश्न आला असता की बिलातलं मशीन कुठे आहे.

डीलरच्या दुकानातला माणूस बदललेला, जुनी नोंद सापडेना. बराच वेळ यात गेला. शेवटी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरच्या जॉबकार्डवर दोन्ही नंबर होते ते मिळालं, आणि त्याच्या आधारावर डीलरने लेटरहेडवर बदलीचा दाखला दिला. मशीन बदलून घेताना त्याच दिवशी असा कागद मागा. तेव्हा पाच मिनिटांत मिळतो.

वीजबिलंही तपासली. मीटर शेडमालकाच्या नावावर आहे, म्हणून भाडेकरार आणि त्याचं संमतीपत्र जोडलं.

२३ सप्टेंबर २०२५

तपासणी झाली. खादी ग्रामोद्योग आयोगाने ऑगस्ट २०२४ मध्ये युनिट तपासणीचं काम पोस्ट खात्याकडे दिलं आहे, त्यामुळे आलेले गृहस्थ पोस्टातले. मोबाइलवर जागेचं लोकेशन घेऊन फोटो काढले: बोर्ड, मशीन, काम करणाऱ्या बायका, तयार माल. किती जणी कामाला आहेत, कुठला माल निघतो, कर्ज थकलेलं नाही ना, ठेव पावती, उद्यम, हे विचारलं. मजुरीची कार्डं त्यांनी बराच वेळ चाळली. काज मशीनचा दाखला त्यांनी विचारण्याआधीच मी पुढे केला. त्यांनी नंबर पाहिला, फोटो घेतला, पुढे गेले.

वही बघायला मागितली नाही. पण वहीमुळेच प्रत्येक कागद मागितला त्या क्षणी सापडला.

१८ नोव्हेंबर २०२५

अनुदान वळतं झालं. २,६२,५०० मुदत कर्जात आणि १,५७,५०० सीसीत. पूर्ण ४,२०,०००, एक रुपया परत गेला नाही. मुदत कर्ज आता सुमारे १ लाख १२ हजार उरलंय. आत्यांना स्टेटमेंटचं पान दाखवलं. त्यांना वाचता येत नाही, तरी आकड्यावरून बोट फिरवून विचारलं, "एवढंच राहिलं?" हो म्हटलं.

एक गोष्ट कुणी आधी सांगत नाही: अनुदान सीसीत गेलं तसं बँकेने सीसीची मर्यादाही तेवढीच खाली आणली. आता २,७०,००० च. जानेवारीपासून कापड भरायचं आहे आणि झेडपीच्या ऑर्डरी परत येतील असं दिसतंय, तेव्हा एवढ्यात भागणार नाही. मर्यादा वाढवून मागण्याचा अर्ज कालच दिला. सोबत गेल्या तीन वर्षांची जीएसटी विवरणपत्रं, स्टॉक स्टेटमेंटं आणि १० मे २०२३ चं ते शिक्क्याचं पान लावलंय.

याच योजनेत, उरलेलं कर्ज फेडल्यावर, युनिट वाढवायला १ कोटीपर्यंतच्या प्रकल्पाचं दुसरं कर्ज मिळू शकतं, त्यावर १५ टक्के अनुदान असतं. उरलेले हप्ते संपले की त्याकडे बघेन. वही तीच चालू ठेवली आहे, फक्त नवीन पानावर "मर्यादावाढ" असं कलम घातलंय.